वाचत नसाल तर उठा

न्यू जर्सीतल्या मॉरिसटाउन या लहानशा शहराच्या सार्वजनिक लायब्ररीने मे १९८९मध्ये एक नियमावली केली. पहिल्याच नियमाचा आशय असा होता: इथे आलेल्या माणसाने वाचन, अभ्यास किंवा लायब्ररीतल्या साहित्याचा वापर करत असलं पाहिजे, नाहीतर त्याला बाहेर जायला सांगण्यात येईल. पुढे आणखी कलमं होती. लोकांकडे टक लावून पाहायचं नाही. कुणाच्या मागे मागे फिरायचं नाही. आणि अंगाचा वास दुसऱ्यांना सहन होणार नाही असा असेल, तर त्या माणसाने उठून जायचं.

पहिल्या वाचनात यात काही वावगं वाटत नाही. लायब्ररीत वाचायचं नाही तर काय करायचं? पण कुठलाही नियम समजून घ्यायचा असेल तर तो कुणाला डोळ्यांसमोर ठेवून लिहिलाय हे आधी शोधावं. 'येथे थुंकू नये' ही पाटी जिथे लोक थुंकतात त्याच भिंतीवर लागते. मॉरिसटाउनमध्ये तो माणूस कोण, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचं नाव रिचर्ड क्रायमर. त्याला घर नव्हतं, तो गावात उघड्यावर राहायचा आणि दिवसाचा बराच वेळ या लायब्ररीत घालवायचा. लायब्ररीच्या कर्मचाऱ्यांनी १९८७पासून त्रासदायक प्रसंगांची नोंदवहीच ठेवली होती, आणि त्या वहीत क्रायमर वारंवार येतो: लोकांकडे एकटक बघतो, मोठ्याने बोलतो, त्याच्या वासामुळे लोक जागा सोडून जातात.

क्रायमर कोर्टात गेला. त्या खटल्याकडे येऊच, पण आधी थोडं मागे जायला हवं. कारण 'नुसतं बसलेल्या माणसाचं काय करायचं' हा प्रश्न मॉरिसटाउनमध्ये जन्मलेला नाही. सार्वजनिक लायब्ररी जितकी जुनी, जवळपास तितकाच तो जुना आहे.

ब्रिटनच्या संसदेत १८५०मध्ये सार्वजनिक ग्रंथालयांचा कायदा आला. विल्यम युअर्ट या खासदाराने तो मांडला. दहा हजारांवर वस्ती असलेल्या शहरांना, करदात्यांनी कौल दिला तर, घरपट्टीवर पौंडामागे अर्धा पेनी कर लावून लायब्ररी उभारता येणार होती. गंमत म्हणजे त्या पैशातून इमारत बांधता यायची, पुस्तकं घेता यायची नाहीत! ती सोय १८५५च्या सुधारणेत झाली. कर्नल सिबथॉर्प नावाच्या खासदाराने विरोध करताना सांगून टाकलं की आपल्याला वाचनाची मुळीच आवड नाही, ऑक्सफर्डमध्ये असतानाही नव्हती. पण मला जास्त बोलकं वाटतं ते समर्थकांचं म्हणणं. जोझेफ ब्रदर्टन म्हणाले की लायब्ररी म्हणजे सगळ्यात स्वस्तातले पोलीस. कामगार संध्याकाळी दारूच्या गुत्त्याऐवजी वाचनालयात बसेल, गुन्हे कमी होतील, खर्च वाचेल. म्हणजे ज्ञानाचं मंदिर वगैरे शब्द यायच्या आधीच लायब्ररीच्या समर्थनात पोलिसांचा हिशोब येऊन बसला होता.

मग गरीब माणसं खरंच आली. ती प्रामुख्याने आली वर्तमानपत्रांच्या खोलीत. तिथे ऊब होती, दिवा होता, छप्पर होतं, आणि नोकरीच्या जाहिराती फुकट वाचता यायच्या. आता तक्रार सुरू झाली ती याच माणसांची. गुत्त्यातून बाहेर काढायचं म्हणून ज्यांना बोलावलं, ते आले तर 'रिकामटेकडे' ठरले. यावर काढलेले उपाय बघण्यासारखे आहेत. अनेक ठिकाणी वर्तमानपत्रं भिंतीलगतच्या उतरत्या फळ्यांवर लावली गेली, म्हणजे ती उभ्यानेच वाचावी लागत. पाय दुखले की माणूस आपोआप निघून जाईल. १८९०च्या दशकात काही लायब्रऱ्यांनी रोजच्या पेपरातल्या घोड्यांच्या शर्यतीच्या बातम्या काळ्या शाईने बुजवायला सुरुवात केली, कारण पैज लावणारे त्या वाचायला गर्दी करतात. सकाळी सकाळी कुणीतरी कर्मचारी एकेका पेपरावर शाई फिरवत असणार. हे काम त्याला ग्रंथपालाच्या प्रशिक्षणात शिकवलेलं नसावं.

त्या काळात बेघर माणसाचा दिवस कसा जायचा, हे कळल्याशिवाय या खोलीचं महत्त्व कळत नाही. अमेरिकन लेखक जॅक लंडन १९०२मध्ये लंडनच्या ईस्ट एंडमध्ये गरिबाच्या वेशात राहिला आणि पुढच्या वर्षी त्याने 'द पीपल ऑफ द अबिस' हे पुस्तक लिहिलं. त्यात तो सांगतो की रात्री उघड्यावर झोपलेल्याला पोलीस उठवतात, म्हणून माणसं रात्रभर नुसती चालत राहतात आणि पहाटे बागांची दारं उघडली की तिथे जाऊन पडतात. मग दिवसा फिरायला येणारे सभ्य लोक त्यांना बघून म्हणतात, काय हे आळशी! थोडक्यात, चालतं राहणं हीच शिक्षा होती. आणि बसायला मिळणं ही चैन.

तुम्हाला हे आजही पडताळून बघता येईल. घरातून निघा, खिशात पैसे ठेवू नका आणि शहरात चार तास बसून दाखवा. कॅफेत ऑर्डर द्यावी लागते. मॉलमध्ये सिक्युरिटीवाला आधी तुमच्या चपलांकडे बघतो. रेल्वे स्टेशनवर तिकीट विचारतात. बाग दुपारी बंद. सार्वजनिक लायब्ररी ही त्या फार थोड्या जागांपैकी एक आहे, जिथे आत यायला काही विकत घ्यावं लागत नाही. बॉस्टन सार्वजनिक लायब्ररीची १८९५मध्ये उघडलेली इमारत आजही उभी आहे आणि तिच्या दारावर दगडात कोरलंय, 'सर्वांसाठी मोफत'. वाक्य चांगलंच आहे. भांडण झालं ते त्यातल्या 'सर्वांसाठी' या शब्दावर.

कधीकधी लायब्ररीने हा शब्द मनापासून पाळलाही. मंदीच्या काळात, ऑगस्ट १९३५मध्ये, न्यूयॉर्क पब्लिक लायब्ररीने आपल्या इमारतीमागच्या ब्रायंट पार्कमध्ये उघड्यावर वाचनालय थाटलं. नोकऱ्या गेलेली माणसं तिथे दिवस काढत. पैसे नकोत, लायब्ररीचं कार्ड नको, ओळखपत्र नको, पत्ता नको. बाकावर बसा, पुस्तक घ्या, जाताना ठेवून जा. १९४४पर्यंत ते चाललं. हे वाचनालय मुख्यतः पांढरपेशा बेकारांसाठी होतं, हेही सांगितलं पाहिजे. ज्यांचे कोट अजून बरे होते, अशांसाठी. तरी पत्ता न विचारणारी लायब्ररी असू शकते, हे त्या बाकांनी सिद्ध केलं.

आणि मग १९६४चं लुइझियाना. क्लिंटन नावाच्या गावातली लायब्ररी. त्या भागात गोऱ्यांसाठी लाल रंगाची फिरती पुस्तकगाडी होती आणि काळ्यांसाठी निळी. ७ मार्चला हेन्री ब्राउन हा तरुण आणखी चार जणांबरोबर थेट लायब्ररीत गेला आणि त्याने आर्ना बाँटेम्प्स यांचं कृष्णवर्णीयांच्या इतिहासावरचं एक पुस्तक मागितलं. पुस्तक तिथे नव्हतं. मागवून कळवते, असं ग्रंथपाल बाईंनी सांगितलं. काम संपलं, आता जा. पण ते गेले नाहीत. ब्राउन खुर्चीत बसला, बाकीचे जवळ उभे राहिले. कुणी काही बोललं नाही. थोड्याच वेळात शेरीफ आला आणि शांतताभंगाच्या आरोपाखाली पाचही जणांना अटक झाली. पूर्ण शांत बसल्याबद्दल शांतताभंग!

प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. १९६६मध्ये पाच विरुद्ध चार अशा निसटत्या बहुमताने शिक्षा रद्द झाली. ते पुस्तक मधल्या काळात ब्राउनला टपालाने मिळालं होतं. सोबत सूचना होती, ते परत करायचं तर टपालाने पाठवा किंवा निळ्या गाडीत द्या.

ब्राउन आणि क्रायमर यांची तुलना करताना मला जपून राहावंसं वाटतं. ब्राउनचं बसणं हा ठरवून केलेला निषेध होता, वर्णभेदाच्या व्यवस्थेविरुद्ध. क्रायमर बसला कारण त्याला जायला जागा नव्हती. पण दोघांनी लायब्ररीला एकच प्रश्न विचारला: मी काही वाचत नाहीये, कुणाला त्रासही देत नाहीये, तर मी इथे असू शकतो का?

या दोन तारखांच्या मध्ये अमेरिकेत एक मोठा बदल झाला होता. १९५५च्या सुमारास तिथल्या सरकारी मनोरुग्णालयांत साडेपाच लाखांहून अधिक रुग्ण होते. नवी औषधं आली, कोंडून ठेवण्याविरुद्ध मत तयार झालं, १९६३मध्ये केनेडी यांच्या कारकिर्दीत वस्तीपातळीवर मानसिक आरोग्य केंद्रं उघडण्याचा कायदा झाला. रुग्णालयं रिकामी होत गेली. १९८०पर्यंत तिथल्या रुग्णांची संख्या दीड लाखाच्याही खाली आली. वस्तीतली केंद्रं मात्र ठरली होती तेवढी कधी उघडलीच नाहीत. त्याच दशकांत शहरांच्या मध्यभागी असलेली स्वस्त, एकेका खोलीची लॉजिंग हॉटेलं पाडून तिथे ऑफिसं आणि महागडी घरं उभी राहिली. आपल्याकडच्या चाळीतल्या खोलीसारखीच ती तळाची पायरी होती. ती निघाल्यावर माणूस थेट फूटपाथवर आला. रात्रीचे निवारे उघडले, पण त्यातले बरेचसे सकाळी माणसांना बाहेर काढून कुलूप लावत. सकाळी बाहेर पडलेल्या त्या माणसाला थंडीत, पावसात, शौचाला, तोंड धुवायला जायचं कुठे? जिथे कुणी ऑर्डर विचारत नाही तिथे.

म्हणजे बेघर माणसं लायब्ररीत आली ती लायब्ररीने काही केलं म्हणून नाही. बाकी सगळ्यांनी आपापली दारं लावून घेतली आणि हे एक उघडं राहिलं.

तर क्रायमर. त्याने १९९०मध्ये वकील न घेता स्वतःच दावा दाखल केला. लायब्ररीचे लोक खलनायक नव्हते. नियमांबद्दल ओरड झाल्यावर त्यांनी नागरी हक्कांसाठी लढणाऱ्या संस्थेशी चर्चा करून काही शब्द सौम्यही केले होते. मे १९९१मध्ये जिल्हा न्यायाधीश एच. ली सारोकिन यांनी क्रायमरच्या बाजूने निकाल दिला. नियम इतके मोघम आहेत की त्यांचा अर्थ ज्याच्या हातात ते असतील तो लावेल, असं त्यांचं म्हणणं होतं. माहिती मिळवण्याचा हक्क घटनेने दिलाय आणि तो वासावरून काढून घेता येत नाही. त्यांचं एक विधान पुढे खूप गाजलं. त्याचा मथितार्थ असा की बेघर माणूस आपल्या डोळ्यांना आणि नाकाला नको असेल, तर त्याची बेघर अवस्था संपवा, त्याचं लायब्ररी कार्ड नव्हे.

गावात संताप झाला. या सगळ्या प्रकरणात पोलिसांविरुद्धच्या दाव्याची तडजोड दीड लाख डॉलरला झाली आणि लायब्ररीच्या विमा कंपन्यांनी ऐंशी हजार दिले. बेघर माणूस कोर्टातून सव्वादोन लाखांहून जास्त डॉलर घेऊन येतो, यावर टीव्ही आणि पेपर किती दिवस चालले असतील याची कल्पना करा. मूळ प्रश्न त्या आकड्याखाली गडप झाला.

मार्च १९९२मध्ये अपील न्यायालयाने निकाल फिरवला. लायब्ररीत जाऊन माहिती मिळवण्याचा हक्क आहे, हे या न्यायालयानेही स्पष्टपणे मान्य केलं, आणि कायद्याच्या दृष्टीने ते महत्त्वाचं पाऊल होतं. पण लायब्ररी ही रस्त्यासारखी किंवा बागेसारखी खुली जागा नाही. ती एका विशिष्ट कामासाठी आहे, त्या कामाला धरून नियम करता येतात, आणि तिची बैठकीची खोली किंवा निवारा होऊ नये असं वाटणं वाजवी आहे. वासाचा नियम? स्वच्छ होऊन या, दार उघडंच आहे.

कायद्याचा विचार केला तर मला अपील न्यायालयाचं म्हणणं जास्त टिकाऊ वाटतं. शेजारच्या टेबलावर अभ्यास करणाऱ्या मुलीलाही तिथे निवांत बसण्याचा हक्क आहे, आणि तिच्याकडे कुणी तासभर टक लावून बघत असेल तर ती नुसती 'असहिष्णू' ठरत नाही. पण 'स्वच्छ होऊन या' हे वाक्य मात्र माझ्या गळी उतरत नाही. कुठे? न्यायालयाने त्याला आंघोळ करून यायला सांगितलं आणि नळ कुठे आहे हे सांगितलं नाही. ते सांगणं न्यायालयाचं काम नव्हतंच. प्रश्न असा की मग ते कुणाचं होतं.

याचं उत्तर कोर्टाबाहेर आलं, आणि यायला बरीच वर्षं लागली. अमेरिकन लायब्ररी असोसिएशनने १९९०मध्ये गरिबांसाठीच्या सेवेचं धोरण स्वीकारलं. कागदावर. २००७मध्ये सॉल्ट लेक सिटीच्या लायब्ररीत अधिकारी राहिलेल्या चिप वॉर्ड यांनी एक लेख लिहिला. आमची लायब्ररी दिवसा चालणारं मनोरुग्णांचं आश्रयस्थान झाली आहे आणि यासाठी आम्हाला कुणी तयार केलेलं नाही, असा त्याचा सूर होता. त्या लेखातून प्रेरणा घेऊन एमिलिओ एस्तेवेझने 'द पब्लिक' हा सिनेमा केला. कडाक्याच्या थंडीत बेघर माणसं सिनसिनाटीच्या लायब्ररीतून संध्याकाळी बाहेर जायला नकार देतात, अशी त्याची गोष्ट आहे.

२००९मध्ये सॅन फ्रान्सिस्कोच्या लायब्ररीने, शहराच्या आरोग्य खात्याबरोबर मिळून, पूर्ण वेळ सामाजिक कार्यकर्ती नेमली. लीआ एस्गेरा. अमेरिकेतल्या लायब्ररीतली ही अशी पहिली नेमणूक मानली जाते. मग तिच्या हाताखाली काही माणसं घेतली गेली, आणि ही निवड मला सगळ्यात शहाणपणाची वाटते: ती स्वतः कधीकाळी बेघर राहिलेली होती. ती इमारतीत फिरत, स्वच्छतागृहापाशी थांबत. कुणी बेसिनवर अंग धूत असेल तर 'इथे हे चालत नाही' एवढंच बोलून थांबत नसत, तर शॉवर कुठे मिळेल, रात्रीची जागा कुठे आहे, तेही सांगत. नियम तोच, पण पुढचं वाक्य जोडलेलं. २०१४मध्ये त्याच शहरात एका संस्थेने भंगारात निघालेल्या सिटी बसमध्ये न्हाणीघरं बसवून ती रस्त्यावर आणली, आणि तिच्या थांब्यांपैकी एक होता मुख्य लायब्ररीच्या बाहेर. मॉरिसटाउनच्या निकालात जो नळ सापडत नव्हता, तो बावीस वर्षांनी बसमध्ये बसून आला.

फिलाडेल्फियाच्या मुख्य लायब्ररीत पूर्वी बेघर असलेल्यांना नोकरी देणारा कॅफे सुरू झाला. त्याच शहरातल्या मॅकफर्सन स्क्वेअर शाखेबाहेरच्या बागेत लोक हेरॉइनच्या अतिसेवनाने कोसळायला लागले, तेव्हा २०१७च्या सुमारास तिथले ग्रंथपाल नाकात मारायचा औषधी स्प्रे घेऊन धावू लागले. त्यांनी जीव वाचवले. या बातमीचं कौतुक सगळीकडे झालं. मला ती वाचताना कौतुकाइतकीच चीडही येते. १८५०मध्ये लायब्ररीला स्वस्तातले पोलीस म्हटलं होतं. आता ती स्वस्तातली रुग्णवाहिका, स्वस्तातला दवाखाना आणि स्वस्तातला दिवसाचा निवारा झाली आहे. पगार मात्र पुस्तकं देण्याघेण्याचाच. लायब्ररीत सामाजिक कार्यकर्ता असणं चांगलंच, पण त्याच्याकडे द्यायला खोलीच नसेल तर तो फार तर प्रतीक्षायादीतला नंबर देऊ शकतो.

तरीही काही गोष्टी पूर्णपणे लायब्ररीच्याच हातात असतात आणि त्यांना फारसा खर्चही नाही. चार्जिंगचा सॉकेट, वाय-फाय, फॉर्म भरायला कॉम्प्युटर. बेघर माणसाचा फोन हाच त्याचा पत्ता असतो. निवाऱ्याचा फोन, नोकरीचा फोन, हरवलेल्या भावाचा फोन त्यावरच येणार. उशिराचा दंड हीदेखील अशीच गोष्ट. सामान चोरीला गेलं की त्यातलं लायब्ररीचं पुस्तकही जातं, दंड चढतो, कार्ड बंद होतं. सॅन फ्रान्सिस्कोने २०१९मध्ये उशिराचा दंड रद्दच केला.

अमेरिकन लायब्ररीचा वारा आपल्याकडे फार पूर्वी आला होता. सयाजीराव गायकवाड १९०६मध्ये अमेरिकेत फिरून आले आणि तिथली सार्वजनिक ग्रंथालयं त्यांच्या मनात भरली. १९१०मध्ये त्यांनी विल्यम बॉर्डन या अमेरिकन ग्रंथपालाला बडोद्याला आणलं आणि राज्यभर ग्रंथालयांचं जाळं विणायला घेतलं. महाराष्ट्रात वाट वेगळी झाली. १९६७च्या आपल्या ग्रंथालय कायद्यात ग्रंथालयासाठी वेगळा कर नाही, गावोगावची वाचनालयं संस्था चालवतात, सरकार अनुदान देतं, आणि सभासदाकडून अनामत आणि वर्गणी घेतली जाते. बेघर माणसाने वाचनालयात बसावं की नाही, हा वाद आपल्याकडे कोर्टात जायची वेळच येत नाही. तो फॉर्मवरच संपतो. उलट १९५९च्या मुंबई राज्याच्या भीक-प्रतिबंधक कायद्यात, उपजीविकेचं उघड साधन नसताना भीक मागून जगत असावा असं वाटेल अशा रीतीने सार्वजनिक जागी फिरणं किंवा नुसतं थांबून राहणं, हेही 'भीक मागणं' या व्याख्येत बसवलेलं आहे. बसलेल्या माणसाला उठवायला आपल्याला लायब्ररीच्या नियमाची गरज पडली नाही.

एक खोली मात्र आहे. बहुतेक जुन्या वाचनालयांतला पेपर वाचायचा विभाग. तो मुक्तद्वार असतो. लांब टेबल, वर पंखा, पेपर दांड्यांना अडकवलेले. तिथे निवृत्त माणसं येतात, भरतीच्या जाहिराती बघणारी मुलं येतात, आणि तीन तास त्याच पानावर असलेला एखादा म्हातारा असतो, पायाशी पिशवी. त्याला सहसा कुणी उठवत नाही. आत मोठ्या दालनात जाऊन पुस्तक घरी न्यायचं असेल, तर मात्र काउंटरवर फॉर्म मिळतो. त्यात नावाखालचा रकाना पत्त्याचा असतो.